चौकस मालकिणीचं लॉज

आमचं कुलपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला सांगतात, "तुमची काळजी इथं ठेवून जा आणि निवांत झोपा." लोक खरंच ठेवून जातात, आणि त्या सगळ्या काळज्या बाबा संध्याकाळी घरी घेऊन येतात. रस्त्यानं चालताना ते माणसांकडे बघत नाहीत, दारांकडे बघतात. कुणाच्या घरी भेटायला गेलो तर पाणी पिण्याआधी त्यांची मागची कडी हलवून बघतात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांच्या संशयातला आईचा वाटाही आता माझ्याच पदरात येतो.

मला ते चिमटी म्हणतात. जन्मले तेव्हा चिमटीत मावेन एवढी होते म्हणे. आता मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे, दुकानातल्या निम्म्या किल्ल्या मीच घासते, पण नाव काही बदललं नाही. तर या चिमटीला शहरात नोकरी लागली. चष्म्याच्या काचा घासण्याचा कारखाना. कानशीच्या आवाजावरून किती घासलं गेलं ते मला कळतं, आणि मुलाखतीत त्यांना नेमकं तेच आवडलं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

बाबा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "आधी दोघं जाऊन येऊ. दोन दिवस एखाद्या हॉटेलात राहू. त्या शहरात एका तरी दाराआड मला शांत झोप लागली, तर तू खुशाल राहा. नाही लागली, तर दोघं परत."

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं बसवलेल्या कुलपाआड शांत झोप लागत नाही, त्यानं अशी अट का घालावी? हरायचं नाही हे ठरवूनच घातलेली अट होती ती. तरी मी कबूल झाले, कारण दुसरा मार्ग नव्हता. त्यांना न जुमानता जाता आलं असतं, पण ते तिकडे रोज रात्र जागून काढणार आणि मी इकडे काचा घासणार, हे माझ्यानं झालं नसतं. त्यांची एक झोप मला हवी होती. तिच्यावर माझी नोकरी टांगलेली होती.

हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी फोन काढून बसायची आणि बाबा माझ्या खांद्यावरून डोकवायचे.

"हे बघा, स्टेशनजवळ आहे. भाडंही आपल्याला झेपेल."

"फोटोत सगळ्या खोल्यांच्या खिडक्या दिसतायत, दार एकाही फोटोत नाही. दार का लपवलंय?"

"बाबा, दाराचा फोटो कोण काढतं?"

"ज्याचं चांगलं असतं तो."

हे असं. एक हॉटेल फार स्वस्त म्हणून बाद झालं, कारण एवढ्यात परवडतं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. एकाबद्दल सगळ्यांनी चांगलंच लिहिलं होतं, म्हणून ते बाद. शेवटी तीन उरली. त्यातलं तिसरं म्हणजे एका गल्लीतलं छोटं लॉज. राहून गेलेल्या लोकांनी लिहिलं होतं की खोल्या स्वच्छ आहेत, पाणी गरम येतं, गल्लीत बाईमाणूस एकटी फिरू शकते, पण मालकीण फार चौकस आहे, नको ते प्रश्न विचारते.

"चौकस म्हणजे?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चौकस म्हणजे चौकस. तुमच्यासारखी."

"मी माझ्या घराची चौकशी करतो. ही लोकांच्या घराची करते. फरक आहे." पण नाव काही त्यांनी खोडलं नाही. मला वाटलं, शेवटी नापास करायला एखादं राखून ठेवलं असेल.

निघायच्या दिवशी संशयाला आणखी खत मिळालं. मी माझी मोठी बॅग भरली होती, बाबांनी एक जोडी कपडे घेतले. माणूस एका जोडीत दोन दिवस राहायला जात नाही, लेकीला परत आणायला जातो. वर त्यांची कापडी पिशवी उचलली तर खांदा निखळेल एवढी जड, आणि आतून खण्णकन आवाज.

"यात काय आहे?"

"माझं सामान. इन्सुलिनची पिशवी आहे, उगाच आपटू नकोस."

इन्सुलिन खणखणत नाही, हे मलाही कळतं. अवजारं घेतली होती त्यांनी. प्रत्येक हॉटेलचं कुलूप उघडून माझ्या तोंडावर फेकायचा बेत दिसत होता. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भांडत बसले असते तर गाडी चुकली असती.

"तू पुढं हो," ते म्हणाले, "मी दार लावून आलो." मी कोपऱ्यावर बॅगेवर बसून राहिले आणि ते येईचनात. दार लावून ते तीनदा ढकलून बघतात हे मला माहीत होतं, त्या दिवशी तीसदा ढकलत असावेत. आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"घराची किल्ली आहे ना तुझ्याजवळ?" त्यांनी विचारलं.

"आहे."

गाडीत बसल्यावर पुन्हा, "किल्ली नीट ठेवलीस ना?" शहर आलं तेव्हा परत एकदा. तिसऱ्या वेळेला मी पर्स उघडून किल्ली त्यांच्या नाकासमोर धरली. म्हणजे घराची किल्ली विसरू नकोस, घरीच यायचंय तुला. न बोलता टोमणा मारायची त्यांची ही जुनी सवय आहे.

स्टेशनजवळचं पहिलं हॉटेल मला बरं वाटलं होतं. जिना रुंद, चादरी पांढऱ्या, काउंटरवरचा माणूस गोड बोलणारा. तेच बाबांना खटकलं. "एवढं गोड बोलायला आपण त्याचे कोण लागतो?" मग ते वर आले, दारासमोर गुडघ्यावर बसले आणि मला म्हणाले, "हे बघ."

कुलपाचा मधला पितळी भाग, ज्यात किल्ली फिरते, त्याला आम्ही घरात गाभा म्हणतो. तो दाराच्या पट्टीच्या पातळीत बसला पाहिजे, बोट फिरवलं तर अडायला नको. इथं तो पेरभर बाहेर आला होता. जाड दाराचा गाभा पातळ दाराला बसवला की असं होतं.

"बाहेर आलेला गाभा," बाबा उठत म्हणाले. "हे ज्यानं बसवलं त्याच्या हातात पुन्हा स्क्रू ड्रायव्हर देऊ नये. पक्कडीनं धरून मोडला की दार उघडं. माझ्या दुकानातल्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं."

दुकानात त्यांच्याखेरीज मीच असते. मी मान डोलावली, कारण या वेळी ते बरोबर बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या हॉटेलला काचेची दारं होती आणि भाडं फोनवर दिसलं त्यापेक्षा बरंच वर चढलं होतं. किल्लीच नव्हती. एक पातळ कार्ड दाराला लावायचं आणि दार उघडायचं. बाबांनी ते कार्ड उलटसुलट केलं, वास घेतला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "दिवे गेले तर?" ती हसली. आम्ही बाहेर पडलो.

आता उरलं चौकस मालकिणीचं लॉज. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की पावाची बेकरी, पुढं एक दवाखाना, मग शिंप्याचं दुकान आणि त्याच्या समोर लॉज. बाबा दाराशी न जाता गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मला वाटलं दमले. पण ते बघत होते. दिव्याचे खांब कुठं आहेत, दुकानांच्या पायऱ्यांवर कोण बसलंय, शाळेतून येणाऱ्या मुली रमतगमत येतायत की भराभरा. एक मुलगी भर गल्लीत थांबून बुटाची नाडी बांधत होती. बाबांनी तिची नाडी बांधून होईपर्यंत बघितलं. "हं," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'हं' म्हणजे फार झालं.

काउंटरवर एक पन्नाशीची बाई बसली होती. गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, डोळ्यांवर दुसरा. बाबांनी जागच्या जागी तिचं बारसं केलं आणि माझ्या कानात कुजबुजले, "चष्मेवाली."

चष्मेवालीनं सुरुवातच केली. "कुठून आलात? नात्यानं कोण? काय काम काढलंत? इथं ओळखीचं कुणी आहे का? आज बाहेर जाणार? दोघं की एकेकटे? परत कधी येणार?" प्रत्येक उत्तरागणिक बाबांचे ओठ आणखी घट्ट मिटत होते. ओळखपत्र शोधताना त्यांनी पिशवीतलं सामान काउंटरवर काढलं. इन्सुलिनची छोटी पिशवी, रुमाल, आणि रुमालाखालून डोकावणारा पान्हा. बाईनं दोन्ही चष्म्यांतून ते सगळं बघितलं.

"काका, गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत का काही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. जेवायचं काय करणार ते विचारत होते. खाली सांगितलंत तर वर आणून देईन."

"आम्ही आमचं बघू. आणि आमच्या खोलीचं दार कुणी वाजवायचं नाही."

जिना चढता चढता बाबांचं सुरू झालं. "खोली कधी रिकामी असते ते विचारतेय. सगळी माहिती काढून घेतली आणि स्वतःबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. तिच्या पाठीमागच्या फळीवर बघितलंस? सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्या टांगल्यात. जाता येता कुणीही उचलावी."

खोली मात्र मनासारखी होती. खिडकीतून बेकरी दिसत होती, दारावर जाड पडदा, पलंगाखाली केर नाही. भाडं आमच्या आवाक्यातलं. कारखाना चालत जाण्याइतका जवळ. बाबा दाराशी वाकले, गाभ्यावरून बोट फिरवलं. पातळीत होता. पट्टी पक्की होती. दोष सापडत नव्हता आणि ते हैराण झाले होते.

"कुलूप बरं आहे," त्यांनी नाइलाजानं सांगितलं. "पण तिच्या फळीवर टांगलेली किल्ली?"

"मग काय, हेही नापास?"

"मी कुठं काही म्हटलं?"

"तुम्ही म्हणणारच नाही. तुम्ही फक्त रात्रभर जागे राहाल आणि सकाळी लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघाल. माहीत आहे मला. एक जोडी कपडे घेऊन आलात तुम्ही."

ते पिशवी उशाशी ओढून बसले. मी कारखान्याचा रस्ता बघून येते म्हणाले आणि दार ओढून घेतलं. खाली चष्मेवाली मान वर करून होती. "एकटीच? आणि काका? परत कधी येणार?"

"बाबा पडलेत. येईन तासा-दीड तासात." मी चिडून बोलले आणि मग माझ्यावरच चिडले, कारण खोलीत कोण आहे आणि मी कधी येणार, हे सगळं सांगून बसले होते.

रस्ता सोपा होता. दोन वळणं आणि एक पूल. कारखान्याच्या फाटकावरच्या बाईनं सोमवारी कुठल्या दारानं यायचं ते दाखवलं. मी तिथं उभी राहून आतल्या यंत्रांचा आवाज ऐकला. घासण्याचाच आवाज, पण कानशीपेक्षा कितीतरी मऊ. मला ती जागा हवी होती. परत येताना मी बाबांशी करायचं भांडण मनात पाठ करत आले. तुम्हाला मी नकोय असं नाही, तुम्हाला मी फक्त घरातच हवीय, हे वाक्य मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

जिना चढले तर आमच्या खोलीसमोर चष्मेवाली. दाराला कान लावलेला आणि हातात किल्ली. ती किल्ली ती कुलपात घालायचा प्रयत्न करत होती.

"काय करताय?" माझा आवाज पूर्ण जिन्यात घुमला.

ती दचकली नाही. "बरं झालं आलीस. तुझे बाबा आवाज देत नाहीयेत. कधीची वाजवतेय. आणि ही किल्ली जातच नाही आत."

"दार वाजवायचं नाही सांगितलं होतं ना? मग किल्ली घेऊन आलातच कशा?"

"सांगितलं होतं. पण इंजेक्शन घेणारा माणूस जेवायला खाली आला नाही, वर काही मागवलं नाही. माझ्या भावाला साखरेचा त्रास होता. ती पिशवी मी ओळखते." मग तिचा आवाज चढला. "आणि तू मला काय विचारतेस? दाराला काय केलंत तुम्ही? पान्हे-बिन्हे घेऊन आलेला माणूस मी बघितला नाही असं वाटलं काय? माझी किल्ली माझ्याच दाराला लागत नाही!"

मी माझ्याजवळची खोलीची किल्ली पुढं केली. तीही जाईना. आधी मला वाटलं बाईनंच कुलूप बदललंय. तिला वाटत होतं आम्ही बदललंय. आम्ही दोघी एकमेकींकडे अशा बघत उभ्या होतो की आतल्या माणसाची आठवण क्षणभर दोघींनाही राहिली नाही. मग मी दारावर थापा मारल्या. "बाबा! बाबा, मी चिमटी!" आतून एक आवाज आला. शब्द नव्हता तो, कण्हणं होतं.

"दार तोडायला हवं," बाई म्हणाली. "शिंप्याला बोलावते."

मी कुलपाशी वाकले, आणि तेव्हा बघितलं. गाभा पेरभर बाहेर आला होता.

आलो तेव्हा तो पातळीत होता. बाबांनी बोट फिरवलं होतं, मी बघितलं होतं. हा गाभा या दाराचा नव्हता. जाड दाराचा होता. याच्या कडेला एक आडवा ओरखडा होता, आणि तो ओरखडा मला ओळखू आला. लहानपणी मी सायकल घराच्या दारावर घातली होती. तेव्हा बाबा दाराला काही झालं का ते आधी बघायला धावले आणि मग माझ्या गुडघ्याकडे, म्हणून आई त्यांच्यावर आठवडाभर चिडून होती.

पर्समधून मी घराची किल्ली काढली आणि त्या परक्या शहरातल्या दाराला लावली. ती लोण्यातून जावी तशी आत गेली आणि फिरली.

बाबा पलंगाच्या कडेला कलंडले होते. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे, आणि मी हाक मारली तर माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसे बघत होते. जमिनीवर स्क्रू ड्रायव्हर पडला होता. लॉजचा जुना गाभा रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवला होता, स्क्रूसकट, नीट. इंजेक्शन घेतलं, मग आधी एवढं करू आणि मग जेवू म्हणाले असणार. हातात अवजार आलं की त्यांना भूक कळत नाही.

मी नुसती "बाबा, बाबा" करत राहिले. चष्मेवाली मात्र खाली जाऊन परत आलीही. तिनं त्यांना टेकवून बसवलं, "काका, गिळता येतंय ना? गिळा," असं दरडावत साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, ओठांना साखर लावली आणि शिंप्याला गल्लीतल्या दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरीणबाई आल्या तोवर बाबांच्या डोळ्यांत ओळख परतली होती. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चिमटे, दार उघडं का ठेवलंस?"

मला रडूही आलं आणि त्यांना एक चापट मारावीशीही वाटली. मी दोन्ही केलं, चापट जरा हळू.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, जेवायला घातल्याशिवाय सोडू नका म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असंही बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या गेल्यावर चष्मेवालीनं पाव आणि दूध आणून ठेवलं आणि दाराच्या बाहेर आलेल्या गाभ्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

बाबा शाळेतल्या पोरासारखे खाली बघत होते. "तुमच्या फळीवर किल्ली टांगलेली. कुणीही घेईल. म्हटलं आमचं बसवावं. हिच्याकडे घरची किल्ली होतीच."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्याकडे नसावी म्हणूनच तर."

"छान," बाई म्हणाली. "म्हणजे मी आत येऊ नये म्हणून तुम्ही आत मरणार होता." ती निघून गेली आणि जाताना दार लावलं नाही.

बाबांनी दूध संपवलं. मग उठून, भिंतीला धरून, दाराशी गेले. आपला गाभा काढला, लॉजचा जुना परत बसवला. मी स्क्रू धरून उभी होते. पातळीत बसला की नाही ते त्यांनी बोटानं बघितलं, पण घराचा गाभा हातात घेऊन ते बराच वेळ त्याच्या लांबीकडे बघत राहिले.

"बाहेर आला होता," ते म्हणाले. "पेरभर."

"हो."

"सकाळी मी त्या हॉटेलवाल्याला किती बोललो."

"मला बोललात. त्याला ऐकू गेलं नाही."

त्या रात्री ते फळीवर टांगलेल्या किल्लीच्या दाराआड झोपले. मी जागी राहून त्यांच्यावर पहारा करणार होते, पण मीच आधी झोपले असावे. उजाडल्यावर दारावर टकटक झाली, "काका, उठलात का? चहा आणू?" आणि मी डोळे उघडले तर बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते. आई गेल्यापासून मी त्यांना घोरताना ऐकलं नव्हतं. मी त्यांना उठवलं नाही. मी पांघरुणाखाली हात तोंडावर दाबून हसले.

उठल्यावर त्यांनी डोळे चोळले, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "लागली," ते मान्य करत म्हणाले. मग जरा वेळानं, "ही खोली महिन्यानं मिळते का, विचार तिला."

मिळत होती. कारखान्यातल्या आणखी दोघी वरच्या मजल्यावर राहतात, असंही चष्मेवालीनं सांगितलं, आणि भाडं जरा कमी केलं. बाबांना त्या कमी करण्याचाही संशय आला, पण त्यांनी तो गिळला.

दुपारच्या गाडीनं ते निघणार होते. मला वाटलं पिशवी भरतायत, बघते तर पुन्हा दाराशी बसलेले. घराचा गाभा परत बसवत होते. या वेळी मोठ्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक जाड पट्टी आणून त्यांनी बाहेरून मारली होती, म्हणजे गाभा बरोबर तिच्या पातळीत येत होता. माझं बोट धरून त्यांनी त्याच्यावरून फिरवलं. कुठं अडलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं, जे कालपासून दाराबाहेर उभं होतं. हा गाभा त्यांनी घरून काढून आणला होता. मी कोपऱ्यावर बॅगेवर बसून चरफडत होते तेव्हा. म्हणजे घरातून पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं की मी राहणार. एक जोडी कपडे त्यांच्यापुरते होते, परत जाणाऱ्या माणसापुरते. त्यांना मला नेमकं कुठल्या दाराआड ठेवायचं तेवढंच बघायचं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "मग घराला काय लावलंय?"

"आहे एक साधं."

"साधं? तुम्ही? आपल्या घराला?"

"तू इकडे," ते अवजारं पुसत म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आता तिथं चोरायला काय आहे?"

पाठ करून ठेवलेलं माझं भांडणाचं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, म्हणजे मला वाकावं लागलं, आणि ते "पुरे, पुरे, पट्टी हलेल" म्हणत तसेच बसून राहिले.

खाली काउंटरवर त्यांनी खिशातून आपला जुडगा काढला. त्यातल्या ज्या किल्लीनं ते रोज घर उघडायचे, ती नखानं सोडवायला लागले. आमच्या दुकानाचा नियम आहे, किल्ल्या फक्त घरच्यांच्या हातात. हा नियम बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगतात. किल्ली सुटली. ती त्यांनी चष्मेवालीच्या पुढं सरकवली.

"हिच्या खोलीची. फळीवर टांगा."

चष्मेवालीनं डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यातला लावला, किल्ली निरखून बघितली आणि फळीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. मग ती बाबांकडे वळली.

"गाडी कितीची? बरोबर खायला काही घेतलंय का? घरी कधी पोहोचणार? शेजारी कोण राहतं?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली, काउंटरला टेकले आणि तिला एकेक करून सगळं सांगायला लागले.